दोन आठ्यांची खूण

अजिनाथ महाराजांच्या कीर्तनात विजयमाला नेहमी पाठ करून बसायची. महाराजांकडे पाठ, विठ्ठलाकडे पाठ आणि तोंड खांबाला टेकून बसलेल्या लेकीकडे. विजापूर रोडच्या त्या मंदिरात नव्यानं येणाऱ्या बायका कुजबुजायच्या, “काय बाई रीत! देवाला पाठ दावती.” मग कुणीतरी कोपरानं ढोसून दिपालीकडे बोट करायचं.

दिपालीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. महाराज बोलत, आणि विजयमाला ते हातांनी, ओठांनी, आणि सगळ्यात जास्त चेहऱ्यानं लेकीला सांगे. राजा रागावला की तिच्या भुवया एकमेकींना भिडत. गरिबाच्या दारी देव आला की त्याच भुवया वर चढत आणि कपाळावर लाटा उठत. टाळ थांबले, मृदंग थांबला, महाराज गप्प झाले, की ते गप्प होणंसुद्धा ती लेकीला दाखवायची. एकदा एका बाईनं तक्रार केली, तेव्हा महाराज हसून म्हणाले, “राहू द्या माउली. माझं कीर्तन जिथं ऐकू येतं तिथं संपतं. त्यांचं तिथनं सुरू होतं.”

मायलेकींची भाषा अर्धी मूकबधिर शाळेतली, अर्धी घरात जमलेली. शाळेनं शिकवलेली आईची खूण म्हणजे नाकाच्या चमकीला बोट. पण दिपालीनं लहानपणीच स्वतःची खूण काढली होती. दोन बोटं दोन भुवयांच्या मध्ये ठेवायची आणि खाली ओढायची. दोन उभ्या रेघा. आईच्या कपाळावर त्या तशाच होत्या, सतत लेकीकडे बघून, समजावून, विचारून पडलेल्या. चमकी कुणाच्याही आईला असते. ह्या दोन रेघा एकाच बाईचं नाव होत्या.

त्याच रेघा आडव्या आल्या.

दिपाली अक्कलकोट रोडला शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावायची. हात असा चालायचा की नव्या पोरींना तिच्याच मशीनशेजारी बसवत. तिथं तिच्यासारख्याच आणखी दोघी होत्या. जेवणाच्या सुट्टीत तिघींचे हात असे उडत की बाकीच्या घास विसरून बघत बसत. लग्नाचं वय झालं आणि स्थळं यायला लागली. मंगळवेढ्याची मंडळी येऊन बघून गेली. चार दिवसांनी मध्यस्थ संगप्पाचा फोन आला.

“पोरगी समद्यांना पसंत. पन पोराची आई म्हनती, मुलीच्या आईच्या कपाळावरच्या आठ्या बघूनच वळाकलं, ह्या बाईला आमी आवडलो न्हाय.”

“आवो, मी कान दिऊन ऐकत हुते त्येंचं!” विजयमाला म्हणाली.

“मला कळतंय की वैनी. त्यांना कसं कळंल?”

दुसऱ्या स्थळाच्या वेळी तिचा नवरा जोतिराम, एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आधीच बजावून गेला, “ह्या टायमाला जरा हसत बस.” ती हसत बसली. निरोप आला : बाई वरनं हसत होती, कपाळ रागातच होतं. असल्या सासूच्या हाताखालनं जावई कसा सुटणार?

आपल्या मराठीत नाराजीलाही आठी आणि सुरकुतीलाही आठीच. शब्दानंच दोन्हींची गाठ मारून ठेवली. लग्न जुळवायला आलेला माणूस ती सोडवत बसत नाही. विजयमाला आरशापुढं बसून अंगठ्यानं त्या दोन रेघा दाबून दाबून सपाट करायची. अंगठा उचलला की रेघा परत. माझ्या तोंडापायी पोर घरात राहिली, हे तिच्या मनानं इतकं धरलं की नैवेद्याच्या ताटापुढंही तिला तेच दिसायचं. देवाला हात जोडून ती म्हणायची, “पांडुरंगा, माझ्या पोरीच्या आड मीच उभी हाय का रं?”

शेजारची हेमावती सात रस्त्याजवळच्या एका त्वचेच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, बोलणं निम्मं कानडी वळणाचं.

“अय्यो विजाक्का, चोळून रेघ जाती काय? डॉक्टरबाई बारीक सुई देती. ऑपरेशन नाही, टाका नाही. आठवड्यात कपाळ काचेसारखं. लग्नसराईत नवरीपेक्षा नवरीच्या आयांची रांग असती, कुणाला सांगू नको.”

डॉक्टर वयानं लहान होती, पण सगळं नीट सांगणारी. “मावशी, हे इंजेक्शन कपाळाचे स्नायू सैल करतं. रेघा जातील. पण तीन-चार महिने भुवया पूर्वीसारख्या हलणार नाहीत. चालेल?”

“चालंल म्हंजी? आलेच त्याच्यासाठी की.”

“कामात चेहरा लागतो का तुमच्या? शिकवता, नाटकबिटक करता?”

“न्हाय वो,” विजयमाला हसली. “कीर्तनाला बसते फकस्त.”

डॉक्टरही हसली. मुंगी चावावी तशा सुया टोचल्या. मग सूचना दिल्या. काही तास आडवं व्हायचं नाही, खाली वाकायचं नाही, कपाळ चोळायचं नाही. त्या संध्याकाळी मंदिरात बुक्का लावणाऱ्या म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं सवयीनं अंगठा पुढं केला, आणि विजयमाला मागं सरकली. विठ्ठलाच्या पायावर डोकंही टेकवलं नाही. “आज लांबनंच, देवा,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कोऱ्या कपाळानं मंदिरातून बाहेर पडली.

आठवड्यात कपाळ खरंच काचेसारखं झालं. नळावरच्या बायका म्हणाल्या, “विजे, लेकीची थोरली भन दिसाया लागलीस की!” दिपालीनं जवळ येऊन आईच्या भुवयांच्या मधोमध बोट फिरवलं. रेघा सापडेनात. ती हसली, आईही हसली. त्यानंतर केव्हातरी दिपाली आईला हाक मारताना नाकाच्या चमकीला बोट लावू लागली. विजयमालेला वाटलं, पोर मोठी झाली.

मग नातेपुत्याचं स्थळ आलं. धुळाप्पांचं पेंडीचं दुकान आणि दारात शेरडंमेंढरं. मुलगा धनाजी अपघातानं एका पायानं लंगडायचा. गरीब स्वभावाचा, मान खाली घालून बसणारा. त्याची आई केराबाई आल्या आल्या विजयमालेकडे टक लावून बघत राहिली.

“काय शांत चेहरा हाय वो तुमचा,” केराबाई म्हणाली. “देवीच्या मुखवट्यावानी. मी ह्यांना म्हनलं हुतं, पोरगी नंतर बगू, आदी आई बगायची.”

जोतिरामची छाती फुगली. शेंगाचटणी, कडक भाकरी, दही, सगळं झालं. बोलणी झाली. मग केराबाई म्हणाली, “पोरीला इचारा की. पसंत हाय का न्हाय? नंतर कुनाचा बोल नगं.”

विजयमाला लेकीकडे वळली. धनाजीकडे अंगठा केला, मग दिपालीकडे बोट, मग तळहात काळजावर ठेवला. मुलगा, तू, पसंत.

दिपाली आईच्या कपाळाकडे बघत राहिली. कशाची तरी वाट बघावी तसं, पुष्कळ वेळ. मग तिनं मान हलवली. होय.

“लाजली, लाजली!” केराबाई टाळी वाजवून म्हणाली. धुळाप्पांनी खिशातून सुपारी काढली, जोतिरामनं अडकित्ता आणला. सुपारी फुटली. आता हा शब्द दोन घरांचा झाला होता; मोडला तर दोन्ही घरांची नाकं जाणार होती.

त्या दिवसापासून दिपाली मिटत गेली. कारखान्यातून आली की जेवायची, भांडी घासायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. विजयमाला खांद्याला हात लावून वळवायची आणि हातांनी विचारायची, तू खूश? दिपाली बघायची, मान हलवायची, परत भिंतीकडे वळायची. सासरी जायचं दुःख कुठल्या पोरीला नसतं, असं विजयमालेनं मनाला समजावलं. तिला रडू येई, पण लेकीला ते दिसत नसे. कपाळ तसंच, देवीच्या मुखवट्यासारखं.

एकादशीला अजिनाथ महाराज कीर्तनाला उभे राहिले. मायलेकी खांबाशी नेहमीच्या जागी. महाराज एका म्हातारीची गोष्ट सांगत होते. रानाच्या कडेला तिचं खोपट, आणि दारात देव आलेला.

“आता बघा,” महाराज म्हणाले. “ज्याच्या आभाळाला दार न्हाय, तो म्हातारीच्या उंबऱ्याशी थांबला! ‘येतो’ म्हणाला असता तर कोण अडवणार होतं त्याला? पण तो मालकी गाजवत येत न्हाय. तो काय म्हणतो? ‘येऊ का?’”

मृदंगावर एकच थाप पडली. विजयमालेनं छातीला हात लावला आणि दोन बोटं आत चालत नेली.

दिपालीनं मान डोलावली. आत आला. पुढं?

आला नाही, विजयमालेनं हात हलवले. बाहेरच आहे. मग पुन्हा तीच खूण. छाती, दोन बोटं, आत.

तेच तर, दिपाली हातांनी म्हणाली. आत आला म्हणतेस, आणि बाहेर आहे म्हणतेस. काय ते एक सांग.

“काय म्हणतो देव?” महाराजांनी मंडपाला विचारलं. “येऊ का?” आणि मंडप हात वर करून गर्जला, “ये गा, देवा!” दिपालीनं वर गेलेले हात बघितले, सगळ्यांचे उघडे चेहरे बघितले, आणि शेवटी आईचा. मग तिनं हळूच स्वतःच्या भुवईखाली बोट ठेवलं आणि भुवई वर उचलली. हे कुठं गेलं, तिनं विचारलं. हे असलं तर विचारणं. हे नाही, तर सांगणं. तू आता नुसतं सांगतेस.

विजयमालेचे हात मांडीवर पडले. जन्मभर लेकीला ती प्रश्न विचारत आली होती, आणि प्रश्न आपल्या हातात नसून भुवयांत असतो, हे तिला कधी कळलंच नव्हतं. चालताना गुडघा वाकतो हे कुणाला ध्यानात राहतं?

बघायला आले त्या दिवशी, तिनं हात उचलून खूण केली. तो मुलगा. मी विचारलं होतं.

नाही, दिपाली म्हणाली. सांगितलंस. आणि तिनं डोळे मिटून घेतले. ज्याला ऐकू येत नाही त्यानं डोळे मिटले की दार बंद. मागं मंडप “ये गा, देवा” म्हणत राहिला आणि विजयमाला त्या बंद दारापुढं बसून राहिली.

घरी येऊन तिनं मोबाईलवर लिहिलं, ‘तुला धनाजी पसंत आहे का?’ शेजारच्याच खोलीतून उत्तर आलं. ‘हो. आई सांगितलं.’

जोतिरामनं चष्मा लावून वाचलं. “हो लिवलंय की पोरीनं. मग? परवाच्याला बस्ता हाय. आता काय कपाळ फोडून घ्यायचं?”

“अवो, कपाळाचंच तर झालंय समदं! तिला वाटतंय, मीच ठरवलंय. तुमची सुपारी राखाया ती व्हय म्हनतीया.”

“मग राखंना की! वाईट हाय का पोरगा? पावन्यात मी काय तोंड दावू?” जोतिराम ओरडला, आणि मग खाली बसून हळू आवाजात म्हणाला, “दुसरं कोन येनार हाय, विजे, आपल्या पोरीला?”

हीच भीती तिला सुईपर्यंत घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात जाऊन बसली. “बाई, उतारा द्या. जसं हुतं तसं करा.”

“मावशी, ह्याला उतारा नसतो. त्रास होतोय का काही? दिसतंय तर छान.”

“उद्या बस्ता हाय वो!”

“मग चांगलंच आहे की,” डॉक्टर म्हणाली. तिला काय कळणार? बाई रडत होती, पण चेहऱ्यावरून वाटावं, डोळ्यात धूळ गेली. “आपोआप उतरेल. थांबायचं फक्त.”

घरी येऊन विजयमालेनं आरशापुढं सगळा जीव एकवटून भुवया उचलायचा प्रयत्न केला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला थापलेली ओली कणीक सुकून गळून पडली की बोटं तीच, जोर तोच, पण घुमार उठत नाही. नुसतं टक्‌ होतं. तसं झालं. आतून एवढा आकांत, आणि आरशात शांत बाई. “पांडुरंगा,” ती म्हणाली, “मीच तुज्याकडं सपाट कपाळ मागितलं. तू दिलंस. आता त्यानं पोर चाललीया, बग.”

बस्त्याला नवी पेठेतल्या दुकानात दोन्हीकडची माणसं जमली. बस्ता बांधला की अर्धं लग्न लागलं म्हणतात. पांढऱ्या गाद्यांवर बायका बसल्या, विक्रेता एकामागून एक साड्या फेकत होता. “घ्या काकू, नवरीला खुलणारा रंग!” धनाजी कोपऱ्यात पाय लांब करून बसला होता. केराबाईनं मोरपंखी शालू उचलला, दिपालीच्या खांद्यावर टाकला आणि तिला आरशासमोर उभं केलं.

“बगा की विहीणबाई, कशी दिसती!”

विजयमालेनं आरशात बघितलं. शालूच्या वर लेकीचे डोळे बंद पडलेल्या मशीनच्या दिव्यासारखे विझले होते. आणि तिच्या खांद्यामागं आपला स्वतःचा निर्विकार, गुळगुळीत चेहरा. हा चेहरा बघत पोर सासरी जाणार. विचारलंच नाही कुणी, असं समजून जाणार.

ती लेकीच्या पुढ्यात येऊन गादीवर बसली आणि दोन्ही अंगठ्यांनी स्वतःच्या भुवया वर ढकलल्या. दिपाली बघू लागली. पण विचारायचं कशानं? हात तर कपाळाला गुंतले. तिनं हात सोडून खूण केली, मुलगा, तू; तोवर भुवया खाली. पुन्हा वर ढकलल्या, हात सोडले, पुन्हा खाली.

“काकू, डोळ्यात काय गेलं का?” विक्रेत्यानं विचारलं.

“डोळं आलं जनू,” केराबाईची जाऊ म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

“विजे, काय चाललंय?” जोतिराम दात आवळून म्हणाला. “उठ तितनं.”

ती उठली नाही. पुन्हा ढकलल्या, पुन्हा सोडल्या. आता घाईघाईनं, वेड्यासारखं, ह्या दोन गोष्टी एका क्षणात बसल्या पाहिजेत म्हणून. कुंकू फरकटून नाकापर्यंत आलं.

दिपालीनं शालू खांद्यावरून खाली टाकला. आईसमोर गुडघे टेकून बसली. आपले दोन्ही अंगठे तिनं आईच्या भुवयांखाली ठेवले आणि हळूहळू वर उचलले. त्या सपाट कपाळावर घड्या आल्या. आईच्या नव्हेत, लेकीच्या हातांनी पाडलेल्या. पण घड्या.

विजयमालेचे हात मोकळे झाले. धनाजीकडे अंगठा. दिपालीकडे बोट. तळहात काळजावर.

पसंत आहे का?

दिपालीचे हात आईच्या कपाळावर होते, तिला बोलता येईना. मग तिनं मान हलवली. डावीकडून उजवीकडे.

“काय, काय म्हनती?” केराबाईनं विचारलं. “रंग न्हाय आवडला?”

“लगीन न्हाय, म्हनती,” विजयमाला म्हणाली.

विक्रेत्याचा साडी फेकणारा हात वरच थांबला. मग केराबाई उसळली. “सुपारी फुटली तवा व्हय म्हनाली की! आमच्या डोळ्यांदेकत तुमी इचारलंत!”

“इचारलं, पन पोचलं न्हवतं. चूक माजी हाय, तिची न्हाय, ह्यांची न्हाय. काय बोलायचं ते मला बोला.”

“बोलू काय? गावात पत्रिका वाटाया काडल्यात आमी! पोराला आदीच लोकं लंगडा म्हनत्यात, आता काय म्हनतील?” केराबाईचा आवाज फुटला. तिनं विजयमालेच्या तोंडाकडे बोट केलं. “आन ही बगा! पोरीचं लगीन मोडाया लागलीया आन तोंडावर रेगसुदिक न्हाय! दगूड हाय का बाई?”

विजयमालेच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण कपाळ हललं नाही. तिनं हात जोडले. त्यापलीकडे तिच्यापाशी दाखवायला काही नव्हतं.

धनाजी भिंतीला धरून उठला. त्यानं दिपालीकडे एकदा बघितलं, आणि तिच्या भाषेतली नसली तरी कुणालाही कळेल अशी हाताची खूण केली. असू दे. “आय, चल,” तो म्हणाला. धुळाप्पा चपला शोधू लागले. जोतिराम त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेला. पाठ वाकवून, हात जोडून, उन्हात काय काय म्हणत होता. आत ऐकू येत नव्हतं. आत यायला त्याचा पाय निघेना, तिथंच पायरीवर बसला.

विक्रेता खाली मान घालून साड्यांच्या घड्या करू लागला.

पसरलेल्या रंगांच्या मधोमध मायलेकी तशाच बसून होत्या. दिपालीनं आईच्या कपाळावरचे अंगठे काढले. कपाळ पुन्हा सपाट झालं. मग तिनं दोन बोटं आईच्या भुवयांच्या मध्ये ठेवली आणि नखं जरा दाबून खाली ओढली. दोन पांढऱ्या रेघा उमटल्या आणि बघता बघता पुसल्या गेल्या.

तिनं त्या पुन्हा ओढल्या.